अंगावरचा खिसा

होडी किनाऱ्याला लागून तासभर झाला की राक्कूचं अंग पेटायचं.

पाण्यात असताना काही नाही. परतीच्या वाटेवर, वाऱ्यानं ओला शर्ट पाठीला चिकटलेला असताना, नुसती मुंग्या चालल्यासारखी चुणचुण. खरी आग घरी. परसात ताडाच्या झावळ्यांचा आडोसा होता, त्यामागं सासू इरुळायी घागर घेऊन उभीच असायची. गोड्या पाण्याची घागर. गावात गोडं पाणी एकाच नळाला, तोही गावाबाहेर देवळापाशी, आणि तेही घटकाभरच. साठी उलटलेली इरुळायी ती घागर कमरेवर घेऊन वाळूतून मैलभर चालत यायची. त्या पाण्यातून आधी सुनेची अंघोळ, उरलं तर भात.

"बस," म्हातारी म्हणायची.

राक्कू शर्टासकट, लुगड्यासकट बसायची. आडोसा असला तरी झावळ्यांच्या फटींतून रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरून बाप्ये जातात, आणि ते मान वळवून बघतात. इथल्या बायका परसात अंगावरचं काढून न्हात नाहीत ते लाजेनं नव्हे, अनुभवानं. इरुळायी तांब्यानं पाणी ओतायची, मानेपासून, हळू, एक थेंब वाया जाऊ न देता. पाणी शर्टाच्या आतून खाली उतरायला लागलं की राक्कू दात आवळायची. कॉलरच्या खाली, काखेत, मनगटांशी, छातीवर डाव्या बाजूला. जणू कुणी चुलीतले निखारे शर्टाच्या आत भरून वरून दाबतंय.

"निघू दे, निघू दे," सासू म्हणायची. "समुद्राची आग आहे ती. गोड्या पाण्यानंच बाहेर पडते." आणि आणखी एक तांब्या.

मग अंगाला खोबरेल, त्यात कडुलिंबाचा पाला वाटून. मग रात्रभर खाजवणं. सकाळी अंथरुणावर रक्ताचे बारीक ठिपके.

शर्ट नंबूचा होता. निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा, कोपरांवर इतका विरलेला की आतलं कातडं दिसावं.

या किनाऱ्यावर शेवाळ काढायला जाणारी बाई नवऱ्याचा जुना शर्ट घालून पाण्यात उतरते. लुगड्यावर शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डोळ्यांना पाणचष्मा, पायांत दोरीनं आवळलेल्या रबरी चपला, कमरेला जाळीची पिशवी आणि दहाही बोटांना कापडाच्या चिंध्या. चिंध्या नसतील तर खडकावरून शेवाळ उपटताना नखं मुळापासून जातात. ते शेवाळ पुढं कुठल्याशा कारखान्यात उकळतात आणि त्याची जेली शहरातली माणसं आइस्क्रीममधून खातात. त्यांच्या जिभेला कधी खाज सुटल्याचं ऐकिवात नाही.

कुणाच्या अंगात कुणाचा शर्ट आहे हे साऱ्या होडीला पाठ असतं. नवरा मेला की बाई त्याचा शर्ट घालत नाही. भावाचा घालते, नाहीतर मुलाचा. हा नियम कुणी केलेला नाही, आणि मोडलाही कुणी नाही. येणाऱ्या होडीकडं किनाऱ्यावरून बघून गावातली म्हातारी सांगते, हिच्यात सवाष्णी किती आणि विधवा किती.

नंबू चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या होडीवर जाळं टाकायला गेला होता. तिघं होते. होडी आली नाही. दोघांची प्रेतं सातव्या दिवशी समोरच्या बेटाला लागली, नंबूचं नाही. सरकारी कागदात तो बेपत्ता. मेलेल्याच्या बायकोला सरकार थोडंफार देतं. बेपत्ताच्या बायकोला सात वर्षं थांबायला सांगतं. राक्कूला ते सरकारी पैसे नकोच होते. तिला थांबायचंच होतं.

सहा महिने झाल्यावर तिच्या भावानं एक शर्ट पाठवला. पांढरा, हिरव्या पट्ट्यांचा. सोबत निरोप नव्हता, निरोपाची गरजही नव्हती. इरुळायीनं त्याला हात लावला नाही. राक्कूनं तो दाराआडच्या खिळ्याला अडकवला. त्याच्या बाहीत एका कोळ्यानं घर केलं होतं.

नंबूचा शर्ट घालून ती पाण्यात जात राहिली. जोवर तो तिच्या अंगात होता तोवर गावाच्या दृष्टीनं नंबू कुठंतरी होता. इरुळायीच्या दृष्टीनंही. म्हणून तर ती म्हातारी तो शर्ट दगडावर आपटू द्यायची नाही, फाटेल म्हणून. गोड्या पाण्यात नुसता बुचकळायचा, पिळायचासुद्धा नाही, सावलीत वाळवायचा आणि मग घडी घालून ठेवायचा. घडी घालताना कॉलर बोटांनी सरळ करायची, मुलगा उद्या लग्नाला जाणार असल्यासारखी.

यंदा माघातच समुद्र गरम झाला आणि जेलीफिश फार आल्या. इथले लोक तिला सोरी म्हणतात, म्हणजे खाज. वेगळं नाव शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

*

पौर्णिमेचे सहा दिवस सुरू झाले. महिन्यातले बाराच दिवस शेवाळाला जायचं, सहा पौर्णिमेला, सहा अमावस्येला. बाकीचे दिवस शेवाळाला वाढू द्यायचं. हे सहा झाले की समुद्र दोन महिने बंद, मासे विणीला लागतात म्हणून. होडीची मुकादम पेच्चीअक्का. पन्नाशीची, आखूड, रुंद, पाण्याखाली बाकीच्यांपेक्षा दुप्पट टिकणारी. तिचा एक नियम होता: शेवटच्या सहा दिवसांत जी गळाली तिची जागा पुढच्या हंगामाला दुसरीला. होडीत दहाच जागा, आणि किनाऱ्यावर उभ्या राहून वाट बघणाऱ्या बायका नेहमीच चार-पाच.

दुसऱ्या दिवशी राक्कू खाली गेली. दोन पुरुष खोल असेल. वर पाण्याचं हिरवं छत, खाली खडक, खडकावर आखूड केसांसारखं शेवाळ. तिला ही जागा आवडायची. आवडायची म्हणजे काय, तिला रोज सकाळी इथंच यायची घाई असायची. वर होती ती सगळी माणसं तिच्याकडं बघून काहीतरी ठरवत असत. खाली कुणी काही ठरवत नव्हतं. तो परत न आलेला माणूस जर कुठं असलाच तर याच पाण्यात होता, आणि श्वास टिकेल तेवढा वेळ तीही त्याच पाण्यात होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पेच्चीनं तिला त्याच दिवशी होडीतून उतरवलं असतं.

तिनं दोन मुठी उपटल्या, पिशवीत कोंबल्या, तिसरीला हात घातला आणि छातीवर डाव्या बाजूला काल रात्री खाजवून सोललेल्या जागेत मीठ शिरलं. हात आपोआप तिकडं गेला. एकदा खाजवलं की थांबता येत नाही, पाण्याखाली तर नाहीच. ती खाजवत राहिली. श्वास संपला हे तिला उशिरा कळलं. वर यायला पाय झाडले ते आडवे गेले, गुडघा खडकावर आपटला, आणि डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा तोंडातून हवेऐवजी पाणी आत गेलं.

पेच्चीनं वेणीला धरून तिला होडीच्या कडेशी आणलं.

"काय बघत होतीस खाली?"

"काही नाही अक्का. खाज सुटली."

"खाज," पेच्ची म्हणाली. मग बाकीच्यांना म्हणाली, "ही खाजवायला खाली जाते. आपण वेड्या शेवाळ काढायला जातो."

नागवल्ली हसली. ही होडीतली सगळ्यात तरुण, तोंडाळ. म्हणाली, सोरीलासुद्धा राक्कूअक्काच आवडते, आम्हाला कुणी विचारत नाही. दोघीतिघी खिदळल्या. राक्कूही हसली, कारण हसली नसती तर ते पुढं वाढलं असतं.

किनाऱ्याला लागल्यावर पेच्चीनं तिला बाजूला घेतलं. म्हणाली, दवाखान्यात दाखव. उद्या होडीत मी स्वतः अंग बघेन, बरं दिसलं तरच पाण्यात. मागं एकीच्या अंगावरचं असंच पिकलं होतं, तिचा दंड कापायची पाळी आली होती. हा समुद्र जंगलखात्यानं राखीव केलेला, पाण्यात बाई मेली तर त्यांचे शिपाई होडीच जप्त करतात, मग बाकीच्या नऊ जणी काय खातील.

दवाखान्याचा डॉक्टर दुरूनच बघत होता. त्यानं राक्कूला हात लावला नाही. कॉलरचं बटण काढायला सांगितलं, मानेवरची लाल पुरळ बघितली आणि लिहायला लागला. ॲलर्जी आहे म्हणाला. पाण्यात जाऊ नको.

"किती दिवस?"

"कायमचंच."

मग त्यानं विचारलं, दुसरं काही काम येत नाही का. राक्कूनं गुलाबी औषधाची बाटली घेतली आणि बाहेर आली. ते औषध वाळलं की अंगावर चुना फासल्यासारखं दिसायचं. खाज त्याच्या खाली तशीच.

त्या संध्याकाळी इरुळायीनं दोन घागरी आणल्या होत्या. डॉक्टरला काय कळतंय म्हणाली, त्याच्या आईनं कधी समुद्र बघितलाय का. आणि दोन्ही घागरी सुनेच्या अंगावर रिकाम्या केल्या. राक्कू तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती.

*

तिसऱ्या दिवशी होडी खडकांपाशी पोचायच्या आधीच पेच्चीनं नावाड्याला पाठ फिरवून बसायला सांगितलं. ताडपत्री दोघींनी धरली.

"काढ शर्ट," ती राक्कूला म्हणाली.

"इथं?"

"इथं कोण आहे? मासे आहेत. काढ. लुगडंही खाली घे."

राक्कूनं बटणं काढली. सकाळचं ऊन तिरपं होतं. पेच्चीनं तिला पाठमोरी केली, पुन्हा समोर फिरवली, दंड वर करायला लावले. बराच वेळ बघितलं. मग एक बोट, चिंधी बांधलेलं, राक्कूच्या छातीवर डाव्या बाजूला टेकवलं आणि तिथून खाली, मग आडवं, मग वर, असं पुरळीच्या कडेकडेनं फिरवलं.

"हिला खिसा आहे गं," ती म्हणाली.

ताडपत्री धरलेली नागवल्ली वाकून बघायला लागली. खरंच खिसा होता. चौकोनी, खाली टोकदार, वरच्या कडेला दुहेरी शिवण. मानेभोवती कॉलर होती. दोन्ही मनगटांना बांगडीसारखी लाल पट्टी. गळ्यापासून बेंबीपर्यंत बटणांची रांग, एक-एक बटण मोजून घ्यावं अशी. उरलेलं अंग स्वच्छ. शर्ट काढला होता तरी शर्ट अंगावर होताच.

नागवल्लीच्या तोंडून हसू फुटलं. मग तो खिसा कुणाचा आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि ती ताडपत्रीच्या कडेकडं बघत राहिली.

राक्कूनं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडं बघितलं. चौदा महिने तिनं आरशात कपाळाच्या खाली बघितलं नव्हतं.

"घरी कशी न्हातेस?" पेच्चीनं विचारलं.

राक्कूनं सांगितलं. घागर, शर्टासकट, गोडं पाणी.

पेच्चीनं स्वतःच्या मांडीवर हात मारला. "इरुळायी. म्हातारपणी काय झालं हिच्या अकलेला." मग सावकाश बोलली, पाण्याकडं बघत. "सोरीची पिलं असतात. डोळ्याला दिसत नाहीत, मोहरीहून बारीक. कापडातून आत येतात आणि जाड शिवणीत अडकतात, कॉलरीत, खिशात. खाऱ्या पाण्यात गप्प बसतात. गोडं पाणी लागलं की सगळी एकदम चावतात. वाळली तरी मरत नाहीत, पुन्हा ओली झाली की पुन्हा चावतात. आम्ही खाऱ्या विहिरीवर न्हातो, शर्ट काढून, नुसत्या लुगड्यावर, म्हणून सुटतो. आम्हाला गोड्या पाण्याची चैन कुठली. तुला सासूनं लाडानं मारलीय."

तिनं होडीच्या पुढच्या कप्प्यातून बाटली काढली. आंबून कडक झालेली ताडी. ती पुरळीवर थापली. आधी झोंबलं, मग राक्कूच्या छातीत बरेच दिवसांनी थंड काहीतरी उतरलं.

"आज समुद्राच्याच पाण्यानं अंग धू. घरी जाऊन हा शर्ट उकळ. खळखळ. नाहीतर जाळ. आणि उद्या दुसरा घालून ये."

"दुसरा नाही अक्का."

पेच्चीला माहीत होतं खिळ्यावर काय आहे. सगळ्या होडीला माहीत होतं.

"आहे," ती म्हणाली. "याच शर्टात आलीस तर मी तुला होडीत घेणार नाही. माझ्यावर रुसायचं तर रूस."

त्या दिवशी राक्कूला पाण्यात उतरू दिलं नाही. ती होडीत बसून दुसऱ्यांच्या पिशव्या ओढत राहिली, आणि खाली वाकून हिरव्या पाण्यात बघत राहिली, जिथं बाकीच्या नऊ जणींचे पाय एकेक करून नाहीसे होत होते.

*

इरुळायीनं ऐकून घेतलं. मग घागर खाली ठेवली, इतक्या जोरात की वरचं पाणी उसळलं.

"पेच्ची म्हणाली? ती शेंबडी पेच्ची? तिला डोळे उघडून बुडी मारायला मी शिकवलं. तेव्हा ती पाण्याला बघून मुतायची." एक वर्ष झालं ही म्हातारी एवढी वाक्यं सलग बोलली नव्हती. "मी मैलभरावरून पाणी आणते ते तुला जाळायला? माझ्या पोराचा शर्ट चावतो तुला?"

"तो चावत नाही अत्ते. त्यात जे—"

"आण इकडं."

शर्ट दोरीवर वाळत होता. म्हातारीनं तो ओढून घेतला आणि आडोशामागं गेली. राक्कू तिच्यामागं जायला लागली तर तिनं हातानं थोपवलं. झावळ्यांच्या फटीतून राक्कूला दिसत होतं. इरुळायीनं चोळीवरून शर्ट चढवला. बटणं लावली, खालून वर, सगळी. तिला ते नवीन नव्हतं. नवरा गेल्यावर ती दहा वर्षं याच पोराचे शर्ट घालून समुद्रात जात होती, कान फुटून पू यायला लागेपर्यंत. नंबूचे तेव्हाचे शर्ट तिला घट्ट व्हायचे. हा सैल होता. बाह्या बोटांपर्यंत आल्या. तिनं त्या दुमडल्या नाहीत.

मग ती दगडावर बसली आणि तांब्या भरून मानेवर ओतला. दुसरा ओतला. तिसरा.

राक्कू बघत होती. आधी काही झालं नाही आणि म्हातारीनं विजयानं मान वर केली. मग तिचे खांदे कानांपर्यंत गेले. डावा हात छातीवर गेला, खिशावर, आणि तिथंच मूठ वळून राहिला. तिच्या मानेची शीर ताठली. पाय वाळूत रुतले. ज्या पोराला नऊ महिने पोटात वागवलं, त्याच्या शर्टात बसून ती म्हातारी भाजत होती, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

"अत्ते, काढा तो," राक्कू म्हणाली.

"थांब."

"किती चावतंय ते दिसतंय मला. काढा."

"थांब म्हणते ना." बऱ्याच वेळानं, खाली बघत, ती म्हणाली, "चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याचं काहीतरी अंगाला लागतंय. थांब थोडी."

राक्कू आडोशाच्या अलीकडं वाळूत बसली. दोघींमध्ये झावळ्या होत्या. रस्त्यावरून एक सायकल गेली, घंटी वाजवत. सावली परसाच्या कुंपणापर्यंत लांबली तेव्हा म्हातारी उठली.

बाहेर आली ती शर्ट हातात घेऊन, ओल्या लुगड्यात. मानेभोवती लाल कॉलर उमटायला लागली होती. तिनं राक्कूकडं बघितलं नाही. परसातली चूल पेटवली, वेड्या बाभळीची लाकडं घातली, मोठं पातेलं ठेवलं आणि उरलेलं सगळं गोडं पाणी त्यात ओतलं. पाणी उकळलं. तिनं शर्टाची घडी घातली. कॉलर बोटांनी सरळ केली. मग घडी तशीच पाण्यात सोडली आणि काठीनं दाबून धरली.

दोघी बघत राहिल्या. निळा रंग थोडा सुटला, फारसा उरलाच नव्हता. पाणी खळखळत होतं. इरुळायीनं काठी घालून शर्ट वर उचलला तेव्हा काठीवर कॉलर आली. नुसती कॉलर. चौदा महिने मिठात कुजलेलं कापड, ते शर्ट म्हणून उभं होतं एवढंच. उकळल्यावर पाठ सुटली, बाह्या सुटल्या, ओल्या कागदासारख्या. दुहेरी कापड होतं तेवढं टिकलं. कॉलर, दोन मनगटपट्ट्या, बटणांची पट्टी, खिसा.

म्हातारीनं एकेक तुकडा काठीनं काढून दगडावर ओळीनं मांडला. वाफ निघत होती.

"त्या रात्री आपण दिवा विझवला नसता तर त्याला किनारा दिसला असता," ती म्हणाली. ज्या रात्री नंबू गेला त्या रात्री दिवा चालूच होता, दोघींनीही तो विझवला नव्हता.

त्या दिवशी भाताला पाणी नव्हतं. शेजारणीकडून मागून आणावं लागलं, आणि शेजारणीनं तांब्या देताना दोघींच्या मानांकडं बघून घेतलं.

*

सकाळी राक्कूनं दाराआडचा शर्ट खिळ्यावरून काढला. बाही झटकली, कोळी पडला, भिंतीच्या कडेनं पळाला. इरुळायी पाट्यावर चिंच वाटत होती. वाटायला फार चिंच नव्हती. ती रिकामा पाटा घासत होती. सुनेकडं तिची पाठ होती.

राक्कूनं लुगड्यावर शर्ट चढवला. कडक होता, परक्या साबणाच्या वासाचा, इस्त्रीची घडी अजून बाहीवर.

"जाते अत्ते."

वाटणं थांबलं नाही.

किनाऱ्यापर्यंतची वाट तिनं आजवर कधी एवढी लांब बघितली नव्हती. जाळी विणत बसलेल्या माणसांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. नळावर निघालेल्या दोन म्हाताऱ्या वाटेतून बाजूला झाल्या. त्यांतली एक तिच्या लग्नात नाचली होती. हिरवे पट्टे लांबून दिसत होते.

होडीत नऊ जणी बसल्या होत्या. नागवल्लीच्या तोंडाकडं राक्कूनं बघितलं, आता काहीतरी येईल म्हणून. नागवल्ली सरकली आणि आपल्या शेजारची सावलीची जागा मोकळी केली. पेच्ची इंजिनाकडं तोंड करून नावाड्याला उगाच ओरडत होती.

राक्कूनं कमरेची पिशवी बांधली आणि मग तिला आठवलं, बोटांच्या चिंध्या घरीच राहिल्या. ती उतरायला वळली.

इरुळायी वाळूतून येत होती. पळत नव्हती, तिला पळता येत नव्हतं, पण पळताना दिसावी अशी येत होती. हातात वाटीत काहीतरी धरलेलं. ती सरळ गुडघाभर पाण्यात शिरली आणि होडीच्या कडेला आली.

"हात," ती म्हणाली.

राक्कूनं हात पुढं केला. म्हातारीनं वाटीतून चिंधी काढली. निळी, दुहेरी कापडाची, कडा फाटलेल्या. अंगठ्याला गुंडाळली, दातानं गाठ ओढली. मग पुढचं बोट. मनगटपट्ट्यांच्या चार निघाल्या होत्या, कॉलरच्या तीन, बटणांच्या पट्टीच्या तीन. बटणं तिनं काढून घेतली होती. दहा बोटं होईपर्यंत होडी थांबली. इंजिन चालू होतं, धूर येत होता, कुणी घाई करा म्हणालं नाही. इरुळायीच्या मानेवरची पुरळ उन्हात तांबडीलाल दिसत होती. पेच्चीनं ती बघितली, आपली ताडीची बाटली काढली आणि तिच्या रिकाम्या वाटीत थोडी ओतली.

"हिला सांभाळ," इरुळायी तिला म्हणाली. "आणि माझ्या पाण्याला नावं ठेवू नको."

"नाही ठेवत अक्का."

खिसा वाटीत नव्हता.

त्या दिवशी राक्कू खाली गेली आणि खडकाला हात घातला. निळ्या बोटांनी शेवाळ उपटलं. एकदा, दोनदा, सात वेळा. श्वास पुरला. छातीला हात गेला नाही. वर हिरवं छत होतं, खाली ती होती, आणि ती जागा नेहमीइतकीच गप्प होती, पण आज पहिल्यांदा ती तिथं एकटी होती.

*

सहाव्या दिवशी हंगाम संपला. पिशव्या भरल्या गेल्या, होडी वाळूवर ओढली, पेच्चीनं एकेकीचं नाव घेऊन पुढच्या हंगामाची जागा पक्की केली. राक्कूचं नाव सातवं आलं. खाऱ्या विहिरीवर न्हाऊन, कोरडं लुगडं नेसून ती घरी आली.

इरुळायी ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसली होती. तिच्या स्वतःच्या पुरळीवर खपल्या धरल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, संध्याकाळी तिला माणूस दिसायचा, पण पुरळ दिसायची नाही. ती बोटांनीच बघायची. तिनं सुनेला समोर बसवलं, पदर बाजूला केला, मानेवर तेलाचा हात फिरवला. मनगटं चाचपली. मग डाव्या बाजूला छातीवर बोटं टेकवली, रोजच्या जागी, आणि कडा शोधायला लागली.

"आग होते?"

"नाही अत्ते."

"खाज?"

"नाही."

बोटं खाली गेली, आडवी गेली, वर आली. कातडं गुळगुळीत होतं.

"कुठं आहे गं तो?"

"गेला," राक्कू म्हणाली.

म्हातारीनं वाटीत पुन्हा बोटं बुडवली. "नीट बस," ती म्हणाली. "उजेडाकडं तोंड कर." आणि ती परत पहिल्यापासून चाचपत राहिली.